नाही म्हणायचा हक्क

माझ्या भावजयीला पोहायला मी शिकवलं, वल्हं धरायला मी शिकवलं, आणि नदीवर सगळे तिला ज्या नावाने ओळखतात ते नावही मीच ठेवलं. लग्न होऊन आली तेव्हा पाण्यात पाय घातला की मांजरासारखा झटकायची. म्हणून माऊ. त्याला आता सहा वर्षं झाली. आज त्याच माऊचं नाव ऐकून लोक लांबलांबून राफ्टिंगला येतात, आणि मी त्यांच्या लाइफ जॅकेटची बकलं आवळते.

धंदा बाबांनी सुरू केलेला. ते गेल्यावर धाकट्या भावाकडे, म्हणजे माऊच्या नवऱ्याकडे, ऑफिस आणि बस आली, आईकडे फोन, आणि नदी माझ्याकडे. बारा वर्षं मी मुख्य गाइड होते. मग एका खळाळात, म्हणजे पाणी दगडांवरून उसळत धावतं अशा टप्प्यात, वल्हं दगडात अडकलं आणि माझा उजवा खांदा निखळला. बसवला. पुढच्या वर्षी पुन्हा निखळला. डॉक्टर म्हणाले, "तिसऱ्यांदा आलात तर मी ओळख दाखवणार नाही." तेव्हापासून मी काठावर, आणि माझ्या जागी राफ्टवर माऊ.

काठावरचं काम काही कमी नसतं. सकाळी पुलाच्या खांबावर रंगवलेल्या आकड्यांवरून पाण्याची पातळी बघायची. आठवड्यातून दोनदा नदीकाठच्या वाटेने चालत जायचं, कुठे दरड सुटली आहे का, कुठे झाड कललं आहे का, ते तपासायचं. आलेल्या लोकांना राफ्टमध्ये कसं बसायचं, पडलात तर पाय पुढे करून पाठीवर कसं तरंगायचं, ते शिकवायचं. पण एकदा राफ्ट सुटली की हसणं, किंकाळ्या, टाळ्या सगळं तिच्याबरोबर वळणाआड जातं. मागे उरतात चपला. आठ माणसांच्या सोळा चपला, आणि मी.

मला माऊचा हेवा कधीपासून वाटायला लागला ते नेमकं सांगता येणार नाही. पण एक दिवस पक्का आठवतो. नदीत आडव्या पडलेल्या झाडाचा धोका समजावताना मी लोकांना सांगायचे, "चहाची गाळणी बघितली आहे ना? चहा खाली जातो, पत्ती अडकते. पाणी म्हणजे चहा. तुम्ही म्हणजे पत्ती." हा विनोद माझा. बारा वर्षं मी सांगत आले, आणि लोक जेमतेम हसत आले. त्या दिवशी माऊने राफ्टमधून तोच सांगितला, तर दुसऱ्या काठापर्यंत हशा ऐकू आला. माझ्या तोंडून पडला की तो जमिनीवर पडायचा आणि तिच्या तोंडून पडला की टाळ्या.

मग काहीही खुपायला लागलं. ऑफिसात अभिप्रायाची वही असते. आई फोनवर असली की मी ती हळूच चाळायचे. "माऊताईंमुळे माझी भीती गेली." "माऊताई म्हणजे वाघीण!" ताई मी होते की नाही? या नदीवर ताई म्हटलं की एकच माणूस मागे वळून बघायचं. आता दोघी वळायच्या, आणि हाक तिलाच असायची.

एकदा राफ्टला यायला उशीर झाला तर आई फाटकात जाऊन उभी. मी म्हटलं, "माझ्यासाठी कधी उभी राहिली नाहीस अशी."

आई म्हणाली, "तुझी कधी काळजीच वाटली नाही गं."

हे कौतुक होतं का दुसरं काही, ते मला अजून कळलेलं नाही.

यात माऊची चूक काहीच नव्हती. तीच तर खरी अडचण. ती उर्मट असती, आळशी असती, तर मी मोकळेपणी चिडले असते. पण ती रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन राफ्टमधली हवा तपासायची आणि सुटण्यापूर्वी न चुकता माझ्याकडे बघून विचारायची, "ताई, काही?" मी मान हलवली की मगच राफ्ट पाण्यात.

बाबांचा नियमच होता तो. तीन माणसं ठरवणार. तिघांपैकी एकानेही नाही म्हटलं तर राफ्ट पाण्यात जाणार नाही, आणि कारण विचारायचं नाही. बाबा म्हणायचे, कारण विचारलं की माणूस लाजतं, आणि लाजलं की हो म्हणतं. आता ही तीन माणसं म्हणजे धाकटा, माऊ आणि मी.

गेल्या हंगामात एका मासिकाचा फोटोग्राफर आला. मुख्य गाइड बाई आहे म्हणून त्यांना लेख करायचा होता. माऊ राफ्टला टेकून उभी, मागे नदी, सकाळचं ऊन. मी शेजारीच हेल्मेटं मोजत होते. फोटोग्राफर डोळ्याला कॅमेरा लावून म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला होता का?"

मला वाटलं माऊला म्हणतोय. मी बाजूला झाले नाही. मग त्याने कॅमेरा खाली घेतला आणि हाताने खूण केली. मी हेल्मेटं घेऊन बाजूला झाले.

पाच मिनिटांनी माऊने विचारलं, "ताई, काही?"

खांबावर पाणी साडेपाच फूट होतं. आमची मर्यादा सहाची. वरच्या डोंगरांवर थोडे ढग होते, असतातच. मी म्हटलं, "नाही. आज नको."

माऊने जॅकेटचं बकल काढलं. मग वळून फोटोग्राफरला म्हणाली, "सॉरी, आज राफ्ट जाणार नाही." त्याने खूप हुज्जत घातली. तिने एका शब्दानेही माझं नाव घेतलं नाही.

दिवसभर लख्ख ऊन पडलं. पाणी चार बोटं उतरलंसुद्धा. दुपारी दुसऱ्या कंपनीच्या तीन राफ्टी गाणी म्हणत आमच्या समोरून गेल्या. धाकटा बसच्या दारात बसून बघत होता. राफ्टी दिसेनाशा झाल्यावर म्हणाला, "ताई, एक विचारू? पाणी बघून नाही म्हणालीस, का माऊला बघून?"

"कारण विचारायचं नाही," मी म्हटलं.

"नाही विचारत," तो म्हणाला. म्हणजे त्याला उत्तर मिळालं होतं.

ते वाक्य माझ्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. त्यानंतर रोज सकाळी खांबासमोर उभी राहिले की मला पाणी दिसायच्या आधी मीच दिसायचे. खरंच पाणी चढलंय, का मला हवंय म्हणून चढलेलं दिसतंय? मी सरळ हो म्हणायला लागले. हो म्हणणाऱ्याला कोणी मत्सरी म्हणत नाही.

महिन्याभराने एका बुधवारी मी काठ तपासायला गेले. कात्री नावाचा आमचा सगळ्यात अवघड खळाळ आहे. त्याच्या अलीकडे नदी एकदम वळते, त्यामुळे पुढचं काही दिसत नाही. तिथे डाव्या काठावरच्या एका मोठ्या झाडाची मुळं उघडी पडली होती. खालची माती वाहून गेलेली, आणि झाड पाण्याकडे असं झुकलेलं की जणू तोंड धुवायला वाकलंय. मी वहीत तारीख घालून लिहून घेतलं: कात्रीआधीचं वळण, झाड कललं, जोराचं पाणी आलं तर पडेल.

तेच सांगायला मी ऑफिसात शिरले. आत धाकटा खुर्चीवर चढून भिंतीत खिळा ठोकत होता. फोटोग्राफर नंतर पुन्हा येऊन गेला होता, मासिक छापून आलं होतं, आणि माऊचा तो फोटो भलाथोरला करून चौकटीत बसवला होता. आई खालून सांगत होती, "जरा उजवीकडे. हां, आता मधोमध." त्या मधोमध जागी माझा फोटो असायचा. बाबांनी काढलेला, मी वल्हं उंच धरलेला. तो आता दाराजवळ, छत्र्यांच्या वर लावला होता.

माऊ म्हणाली, "अहो, ताईंचा फोटो कशाला हलवलात?"

"तुझा हेवा करणार आहे का ती?" आई हसत म्हणाली. "ताईनेच तर घडवलं तुला."

मी पण हसले. मूग गिळून वही पर्समध्ये टाकली. म्हटलं, उद्या सांगू. आत्ता सांगितलं तर म्हणतील, बघा, फोटो लावला आणि हिला लगेच झाड पडताना दिसलं. दुसऱ्या दिवशी राफ्ट नव्हती, म्हणून सांगितलं नाही. म्हणजे मी स्वतःला तसं समजावलं.

शुक्रवारी सकाळी आठ जणींचा गट आला. एका शाळेतल्या शिक्षिका, आणि त्यांच्या नुकत्याच निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. बाईंचा निरोप समारंभ म्हणून सगळ्यांनी त्यांना राफ्टिंगला आणलं होतं. रात्री वर डोंगरात पाऊस झाला होता. खांबावर पावणेसहा फूट. मर्यादेच्या आतच. पण पाण्यातून काटक्या येत होत्या, आणि त्यांना हिरवी, ताजी पानं होती. वाळकी काटकी कुठूनही येते. हिरवं पान येतं तेव्हा नदी वर कुठेतरी काठ खात असते.

"हो," धाकटा म्हणाला.

"माझं हो," माऊ म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "ताई, काही?"

जिभेवर होतं. झाड होतं, हिरवी पानं होती. आणि धाकटा माझ्याकडे बघत होता.

"काही नाही," मी म्हटलं. "जा."

मी मुख्याध्यापिकाबाईंचं हेल्मेट बसवत होते तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता. "खरं सांगा हं. धोका नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "बिनधास्त जा."

राफ्ट सुटली. पुढे कयाकमध्ये, म्हणजे एकट्याच्या छोट्या होडीत, आमचा बदक. तो पाण्यात पडलेल्यांना उचलायला असतो. त्याच्या चालीवरून त्याला बदक म्हणतात. वळणाआड हसणं गेलं, आणि मी चपला ओळीने लावायला लागले. बाईंच्या चपलांना नवीन पट्टे होते, सहलीसाठी मुद्दाम घातलेले असावेत. त्या हातात घेतल्या आणि मला माझाच आवाज ऐकू आला, "बिनधास्त जा." इतकी वर्षं या नदीवर काढली. भीती वाटते म्हणणाऱ्या माणसाशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

चपला तिथेच टाकून मी स्कूटर काढली. राफ्टला त्या वळणापर्यंत चाळीस मिनिटं लागतात. रस्त्याने पंधरा, आणि मग उतारावरून खाली चालत दहा. मी चालत नव्हतेच, निम्मी वाट बसून घसरले.

झाड पडलं होतं. मुळं काठावर, शेंडा थेट पलीकडच्या दगडांवर, आणि मधल्या फांद्यांतून नदी सळसळत जात होती. पाणी आरपार चाललं होतं. माणूस गेला नसता.

मी वळणाच्या वरच्या अंगाला असलेल्या सपाट खडकावर धावत गेले. राफ्ट समोर दिसायला लागलीच होती. मी तीन शिट्ट्या मारल्या आणि दोन्ही हात आडवे पसरले. थांबा. हीच खूण मी माऊला पहिल्या आठवड्यात शिकवली होती.

तिला झाड दिसत नव्हतं. तिच्या दृष्टीने पुढे नेहमीची नदी होती आणि खडकावर मी होते. तिने एक क्षणही घालवला नाही. "मागे! जोरात मागे! डावीकडे!" मी उभी होते त्या खडकाआड थोडं शांत पाणी असतं, तिकडे तिने राफ्ट वळवली. बदकाने कयाक तिथेच आत सरकवली. पण राफ्ट जड, प्रवाह मोठा. तोंड शांत पाण्यात आलं आणि मागची बाजू खेचली जायला लागली. माऊने दोर दातात धरला आणि खडकावर उडी मारली. गुडघ्यांवर आपटली, पण दोर सोडला नाही. मी पुढे होऊन डाव्या हाताने दोर पकडला, दगडाला वेढा दिला, आणि आम्ही दोघी दोरावर बसलो. अक्षरशः बसलो. राफ्ट थांबली.

सगळ्यांना उतरवून काठाने वळणापलीकडे नेलं. ते झाड बघून एक शिक्षिका हळूच म्हणाली, "गाळणी." सकाळी मीच सांगितलेलं होतं.

मग मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही होता म्हणून," एवढंच बोलल्या आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. माऊने ओल्या अंगाने मला मिठी मारली, तिचे गुडघे रक्ताळलेले होते. "ताई, तुम्हाला कसं कळलं हो?"

"हिरवी पानं येत होती," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

त्या दिवशी अभिप्रायाच्या वहीत आठ जणींनी लिहिलं, आठही जणींनी माझ्याबद्दल. मी ते चारदा वाचलं. इतकी वर्षं जे हवं होतं ते हातात आलं होतं, आणि पहिल्या दोन वाचनांत गोड लागलं हेही कबूल करते. संध्याकाळी धाकटा जवळ येऊन उभा राहिला. "ताई, मी त्या दिवशी बोललो ते चुकलं. मनावर घेऊ नकोस." आईने तर माझा फोटो छत्र्यांवरून काढून पुसायला घेतला.

ते मात्र मला सोसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी माऊ सामानाच्या शेडमध्ये लाइफ जॅकेट वाळत घालत होती. मी माझी काठाची वही उघडून तिच्यासमोर धरली. तिने वाचलं. मग तारीख पुन्हा वाचली.

"बुधवारी?"

"हो."

"बुधवारी तुम्हाला माहीत होतं."

"पडेल असं वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा फोटो लावत होते," मी म्हटलं. याहून बरं कारण शोधून ठेवलं होतं, पण तोंडातून खरं तेच निघालं.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. हातातलं जॅकेट तिने खाली ठेवलं, फेकलं नाही, ठेवलं. "आठ बायका होत्या ताई. बदक होता. मी होते. मी वाचले ती तुम्ही आलात म्हणून, आणि मरणार होते ती तुम्ही गप्प बसलात म्हणून. आता मी तुमच्या पाया पडू, का शिव्या देऊ?"

"शिव्या दे."

"येत नाहीत ना मला तुम्हाला द्यायला!" ती ओरडली आणि रडायला लागली. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता. ठेवला नाही. तो हक्क तेव्हा माझा नव्हता.

धाकट्याला आणि आईला मी स्वतःच सांगितलं, दुपारच्या जेवणावर. आईचा घास हातातच राहिला. धाकट्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "उद्यापासून तू ऑफिसात बस. काठ बदक बघेल." मी वाद घातला नाही. मुख्याध्यापिकाबाईंना मी फोन केला आणि त्यांनाही सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. पण आज मला तुमच्याशी बोलायचं नाही," आणि फोन ठेवला. तेही बरोबरच होतं.

पुढचे वीस दिवस मी आईशेजारी बसून फोन घेतले. माऊ येता-जाता कामापुरतं बोलायची, ताई म्हणणं टाळून. मी खिडकीतून तिला राफ्टवर चढताना बघायचे आणि, खरं सांगायचं तर, तेव्हाही हेवा वाटायचा. लाज वाटली की मत्सर जातो असं लोक समजतात. माझा गेला नाही. दोघं एकाच घरात राहायला लागले, इतकंच.

एकविसाव्या दिवशी सकाळी ती ऑफिसच्या दारात आली, डोक्यावर हेल्मेट तसंच. "चला काठावर."

"का? बदक आहे ना?"

"बदक सगळ्यालाच हो म्हणतो. काल पाणी सहाला टेकलं होतं, तरी म्हणाला, काय होतंय वहिनी! दोन हो म्हणणारी माणसं घेऊन मी नदीत जाणार नाही. मला नाही म्हणणारं माणूस पाहिजे."

"मी कशासाठी नाही म्हणाले ते विसरलीस?"

"नाही विसरले. जन्मात विसरणार नाही." ती आत येऊन समोरच्या खुर्चीत बसली. "बाबांच्या नियमात थोडा बदल करायचा. आता कारण विचारायचं. तिघांनीही एकमेकांशी न बोलता चिठ्ठीवर लिहायचं, पाणी किती, काठ कसा, हो का नाही, आणि का. मग चिठ्ठ्या एकदम उघडायच्या."

"आणि हेवा वाटत असेल तर?"

मला वाटलं ती चिडेल. ती विचारात पडली. "तर तोही लिहा," म्हणाली. "पाण्याच्या खाली. किती वाटतोय ते. म्हणजे मला कळेल, पाणी किती आणि तुम्ही किती."

आई फोन कानाला लावून ऐकत होती. पलीकडचं माणूस बोलतच असावं. "हिचं काही ऐकू नकोस," मला म्हणायचं ते आई फोनातच म्हणाली आणि मग गोंधळून, "तुम्हाला नाही हो," म्हणाली. माऊला हसू आलं. वीस दिवसांत पहिल्यांदा.

तेव्हापासून आम्ही चिठ्ठ्या लिहितो. पहिल्या दिवशी मी लिहिलं, "पाणी पाच. काठ स्वच्छ. हो. हेवा: मध्यम." धाकट्याने वाचून भुवया उंचावल्या. एकदा मी लिहिलं, "पाणी पावणेसहा, गढूळ. नाही. हेवा: आज नाही, दाढ दुखतेय." त्या दिवशी राफ्ट गेली नाही. पाणी चढलंही नाही, आणि कोणी काही म्हटलंही नाही.

गेल्या महिन्यात माऊला पत्र आलं. मोठ्या नदीवर, नव्या गाइडना शिकवायला चार महिने बोलावलंय. बातमी तिने आधी मला सांगितली, मग नवऱ्याला. मी अभिनंदन केलं, तिच्या पिशवीत कोणते दोर घालायचे ते सांगितलं, आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून पडले.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या उघडल्या. माझ्या चिठ्ठीत होतं: "पाणी साडेचार. काठ चालून आले, कात्रीपर्यंत मोकळा. हो. हेवा: पोटात दुखतंय इतका."

माऊने ती वाचली. "गोळी देऊ?"

"नको. तू जा."

"ताई, माझ्या जागी चार महिने राफ्टवर कोण, ते तुम्हीच ठरवा. आणि नवी मुलगी आलीय ना परवा, उंच, पाण्याला घाबरते ती. तिला शिकवाल?"

मी त्या मुलीकडे बघितलं. काठावर उभी होती, जॅकेटचं बकल उलटं लावलेलं. चांगली दिसत होती. खांदे मजबूत होते.

"शिकवेन," मी म्हटलं, आणि तिचं बकल सरळ करायला गेले.